नवऱ्याचा कान

स्टिकर कापायचं यंत्र आमच्या घरी धाकट्या दिरांनी आणलं. ते हेब्बाळला मोठ्या कंपनीत इंजिनियर आहेत, त्यामुळे घरातला नळ गळला तरी आधी त्यांनाच विचारतात. यंत्र टेबलावर मावेल एवढंच. छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात. यंत्राचा बारीक दिवा त्या खुणा शोधतो आणि त्यांच्या अंदाजाने आतलं पातं चित्राच्या कडेने फिरतं. हे दिरांनी माझ्या नवऱ्याला समजावलं. मी शेजारी बीन्स मोडत होते, म्हणून मलाही समजलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून माझ्याकडे कागद सरकवायचं आणि कापलेली स्टिकरं सोलायचं काम आलं. कोणाशी बोलावं लागत नाही, कोणी किती शिकलीस विचारत नाही. असं काम मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं.

पण कापणं काही नीट होईना. जयलक्ष्मीपुरमच्या एका लग्नाची गोल स्टिकरं होती, नवरा-नवरीच्या फोटोची. नवरीकडच्या बाईंनी ती परत आणली.

"नवऱ्याचा कान कुठाय?"

खरंच, एकाही स्टिकरवर कान नव्हता. उलट नवरीच्या बाजूला पांढरी कड उरली होती.

"लग्नानंतर त्याला ऐकायचंय कुठं," मामंजी म्हणाले. बाई हसल्या नाहीत. शुक्रवारपर्यंत नीट करून द्या म्हणाल्या.

मग दिरांनी बैठक घेतली. उजेड जास्त पडतो म्हणून पडदे लावले. कागद चकचकीत आहे म्हणून दुसरा आणला. मामंजींनी यंत्राचं तोंड पूर्वेला करवलं. आमचे वाडवडील कापडावर ठसे मारायचे, त्यांचा ठसा कधी केसभर हलला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मामंजींनी स्वतः जन्मभर कारकुनी केली.

शेवटी दीर म्हणाले, "या वेळी जमलं नाही तर शनिवारी दुकानात परत देऊन टाकतो. सुम्ने, उगाच घरात जागा अडवायला नको."

यंत्र परत म्हणजे माझं कामही परत. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाया गेलेले सगळे कागद खिडकीच्या काचेवर धरून पाहिले. सोलण्याचं काम माझंच, तेव्हा माझ्याशिवाय ते कोणी पाहिलेच नव्हते. प्रत्येक गठ्ठ्यातल्या पहिल्या कागदावर काप उजवीकडे सरकला होता. बाकी सगळ्यांवर तेवढाच डावीकडे.

पहिल्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू होतं. लग्नपत्रिकेला लावतात तसं सासूबाई प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या कागदाला लावतात, ओलं, बोटभर, बरोबर काळ्या खुणेवर. खुणेची कड झाकली की यंत्र चुकतं. कंपनीची बस यायच्या आत दीर रोज तोच कागद कापून बघत, काप हललेला दिसला की नव्या कामासाठी शून्यावर आलेले कॉम्प्युटरमधले आकडे बदलत आणि समाधानाने ऑफिसला जात. मग कुंकू नसलेले चांगले कागद त्या आकड्यांनी बिघडत. इंजिनियर माणसाने महिनाभर यंत्र कुंकवाशी जुळवलं होतं.

आता हे सांगायचं कोणाला? दिरांना सांगावं तर त्यांची चूक निघते, सासूबाईंना सांगावं तर देवाची. गुरुवारचा अख्खा दिवस मी वाक्य जुळवत होते. संध्याकाळी सासूबाई वाती वळत बसल्या तेव्हा म्हटलं, "आई, पूजेचा कागद कापायचा कशाला? उद्यापासून एक जास्त छापून घेते. तो देवाजवळच राहू दे."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "कुंकू लावलेल्यावर सुरी फिरवतात, मला कधी पटलंच नाही. पण तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कोण सांगणार?"

मला कोणी शिकलेलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी सकाळी दिरांनी स्वच्छ कागद कापला. तो चुकलाच, कारण काम तेच म्हणून आकडेही जुनेच होते. त्यांना वेगळा कागद पुढे आलाय हे दिसलंही नाही. "बघ, होत नाही ते," असं नवऱ्याला सांगून ते बस पकडायला गेले. मी कॉम्प्युटरपुढे बसले. ते आकडे कुठे बदलतात हे महिनाभर पाहिलं होतं. इंग्रजी वाचता येत नाही, पण शून्य ओळखू येतं. दोन चौकोनांत दोन शून्यं घातली आणि कागद सरकवला. घाईत कागद दोनदा वाकडा गेला.

तिसऱ्यांदा नवऱ्याचा कान आला, दोन्ही बाजूंना सारखी कड सोडून.

संध्याकाळी बाई स्टिकरं घेऊन गेल्या आणि बारशाचंही काम सांगून गेल्या. दिरांनी एक स्टिकर उजेडात धरलं. "बरोबर. मी केलेली सेटिंग उशिरा लागू झाली असणार. शनिवारी न्यायला नको आता."

"हो भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी लगेच एक पाटी छापली: सेटिंगला कोणीही हात लावू नये. "वहिनी, एवढी कापून यंत्रावर चिकटवा. तुम्हाला म्हणून नाही हो, पण घरात माणसं असतात."

मी ती यंत्रातच घालून कापली. चारही बाजूंना कड अगदी सारखी आली.