शेवटचा सा

पेडण्यात आमच्या शेजारी राहणारा तो माणूस बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला होता, तरी पायरीवर बसताना चपला काही काढत नसे. इंडोनेशियातून आणलेली बासरी वाजवी. तिच्या तोंडाशी वेताची कडी होती. तिकडच्या गावगाण्यांवरून तो स्वतःच नव्या चाली बांधी आणि प्रत्येक चाल शेवटच्या सा च्या अलीकडे सोडून देई. तो सा मग मला मोरीत भांडी घासताना पुरा करावा लागे. डोकं फिरायचं माझं!

एकदा देवळात पेटीवाला आला नाही, म्हणून आरतीला यालाच बसवलं. याने आरतीही तशीच सोडली. झांजा थबकल्या, पण भटजींचा हात फिरतच राहिला. प्रसादाला कुणी पुढे होईना. हा मात्र निवांत बासरी फडक्यात गुंडाळत होता.

"अहो, संपली मां आरती?" भटजींनी त्याला विचारलं.

"तुमकां सगळ्यांक घराक जावची घाई," तो म्हणाला.

शेवटी न राहवून मीच मोठ्याने सा लावला. सगळ्यांनी हात जोडले. तो मात्र दचकला, आणि त्याचे पाय फरशीवर, बाहेर काढून ठेवलेल्या चपला चाचपडू लागले.