खांबामागचे मेज

"त्यांस मागें बैसवा," मालक वाढप्याला म्हणाले. आमच्याकडे न पाहता. आमच्या घरात बोलतात त्याच तंजावरी मराठीत. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या काळी इथे तमिळ मुलखात दप्तर सांभाळायला आले, आमचे त्यांच्या घोड्यांची लीद काढायला.

कुंभकोणममधल्या मालकांच्या जुन्या घराचे हॉटेल झाले, त्याचा आराखडा माझा. म्हणून पहिल्या दिवशी अप्पांना, माझ्या वडिलांना, जेवायला नेले. चौकात वरून ऊन उतरत होते. रुंद मेजे, पितळी दिवे. आम्हांला मात्र चौक ओलांडून खांबामागे नेले, हात धुण्याच्या जागेशेजारी. भिंत काळपट, दिवा खाली टांगलेला. तिथे माणूस आपोआप आवाज कमी करतो.

ते मेज मीच आखले होते. "एक जागा अशी ठेवा, की तिथला माणूस चौकांतून दिसूं नये," मालकांनी सांगितले होते. कोणता माणूस, हे मी विचारले नाही. खांबाची जाडी मोजली, कोन साधला आणि काम चोख झाले म्हणून समाधान मानले.

अप्पा मान खाली घालून जेवले. मग केळीचे पान दुमडले, उचलले आणि मागच्या दाराकडे निघाले. लहानपणी याच गल्लीत त्यांना ओट्याखाली वाढत. पान ज्याचे त्याने टाकायचे. इथे चौकातली पाने वाढपी उचलत होते. अप्पांना कोणी थांबवले नाही.

मालक माझ्याकडे पाहून हसले. "पाहिलेंत? जागाच शिकवते. बोलावें लागत नाही."

अप्पांच्या हातून पान घेऊन मी मेजावर ठेवले.

"बैसा, अप्पा. उचलणारे येतील."

"नको गे. तुझें काम जाईल."

"जाऊं दे."

आम्ही बसलो. कोणी आले नाही. आमच्यावरचा दिवा कोणीतरी मालवला. माझ्या पानावरचे रसम सुकले. मग दोन्ही पाने तिथेच ठेवून आम्ही चौकाच्या मधोमध चालत पुढच्या दाराने बाहेर पडलो.

मालकांच्या पट्टीश्वरमच्या दुसऱ्या हॉटेलाचा आराखडा माझ्याकडे तयार आहे. त्यातही खांबामागे मेज आहे. तो मी देणार नाही. फाडणारही नाही. मी तंत्रनिकेतनात आरेखन शिकवते. उद्या तो फळ्यावर लावीन, खाली माझे नाव लिहीन आणि मुलांना विचारीन: ही रेषा कोणाला लपवते? उत्तर येईपर्यंत पुढचा धडा नाही.