बेचाळिसावा जॉइंट

बातमी आली तेव्हा मी बनशंकरीला एका मुंजीच्या पंगतीत अक्काचीच गोष्ट सांगत होतो. आमच्या नात्यात कुठेही पंगत बसली की भात दुसऱ्यांदा फिरताना कुणीतरी म्हणतंच, "तो रोबोट होऊ दे," आणि पोट सुटलेला, एरवी घरात ज्याला कुणी विचारत नाही असा मी, अचानक महत्त्वाचा माणूस होतो. गोष्ट शेवटच्या वाक्यावर आलेली आणि खिशात फोन थरथरला. डाव्या हाताने काढून पाहिलं, धाकटा भाऊ सतीश. मी फोन कापला, वाक्य टाकलं, पंगत हसली, समोरच्या काकांना ठसका लागला. मग हात धुऊन सावकाश फोन लावला. "अक्का गेली," सतीश म्हणाला. "मघाशीच केला होता तुला..."

अक्का म्हणजे आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण. बेंगळुरूत चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत आत्याला आत्या म्हणायची रीत कधीच मागे पडली. वडील अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. लग्न केलं नव्हतं. मल्लेश्वरमच्या घरातून सकाळी सहाला कारखान्याच्या बसने जायची. सरकारी कारखाना होता, रेडिओ आणि वायरलेसच्या वस्तू बनवायचा. तिथे बायकांच्या लाइनीत बसून अक्का सोल्डरिंग करायची. तारेचा पाय सर्किटच्या बोर्डाला जिथे टेकतो तिथे वितळलेल्या शिशाचा एक थेंब द्यायचा, एवढंच काम, दिवसभर. सव्वीस वर्षांत तिचा एकही बोर्ड तपासणीतून परत आला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगायची नाही, तिच्या मैत्रिणी सांगायच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्याला कारखाना माणसं कमी करू लागला. अक्काने ठरवलं होतं की आपल्यावर वेळ आली तर घराच्या पडवीत टेबल टाकायचं आणि रेडिओ, मिक्सर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. टेबल आणलंही होतं, सागवानी, जुन्या बाजारातून. गल्लीतल्या दोघी-तिघी आत्तापासूनच बंद पडलेली यंत्रं घेऊन यायच्या.

मी तेव्हा दहावीत होतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो, कारण गणितात बरे मार्क पडायचे आणि चष्मा होता. फिजिक्सच्या सरांनी आम्हा चौघांची टीम केली. मी, रघू, शैला आणि एक मुलगा ज्याच्या वडिलांचं बॅटरीचं दुकान होतं. म्हैसूरच्या विज्ञान महोत्सवात न्यायला काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी करायची होती. आम्ही तिला रोबोट म्हणायचो. एस. पी. रोडच्या भंगार बाजारातून आणलेल्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी, खेळण्यातली चाकं, पुढे उजेड ओळखणारे दोन डोळे. रघूने डोकं लढवलं, शैलाने नकाशा काढला, बॅटरी फुकट आली. माझ्याकडे सोल्डरिंग होतं. माझा पहिला जॉइंट बघून अक्का म्हणाली, "पुरणाचा गोळा आहे का हा?" दुसरा बघून तिने माझ्या हातातून सोल्डरिंगचं आयर्न काढून घेतलं. रविवारच्या एका दुपारी तिने बेचाळीस जॉइंट दिले. प्रत्येकावर हलकेच फुंकर, मग नखाने एक टिचकी. मी शेजारी बसून तिने केलेलं भडंग खाल्लं.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी प्रयोगशाळेत रोबोटचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे दहावीच्या पोरांनी केलंय असं कोण मानेल? परीक्षक एका नजरेत ओळखेल, फॅक्टरीचा हात आहे." त्यांनी डोकं खाजवलं. "स्वल्प घाण करा रे. विद्यार्थ्याचं काम वाटू दे." त्या संध्याकाळी आम्ही अक्काचे बेचाळीसच्या बेचाळीस जॉइंट वितळवले आणि मी ते पुन्हा दिले. घाण करायला मला वेगळे कष्ट पडले नाहीत. रघू म्हणाला, "अक्कांना सांगायचं?" मी म्हणालो, "वेडा आहेस का? उगाच मनाला लावून घेईल." माणूस स्वतःची कातडी वाचवताना दुसऱ्याच्या मनाची किती काळजी घेतो, हे मला फार लवकर जमलं.

टीममध्ये मुलगी होती, म्हणून सोबत बाईमाणूस हवं, असं शाळेचं म्हणणं. अक्काने रजा टाकली. म्हैसूरपर्यंत ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती, सुतळीने बांधलेलं, बाळंतिणीने मूल धरावं तसं. चित्रान्नाचा डबा आमच्याकडे देऊन टाकला. समोरच्या बाईने विचारलं, काय आहे त्यात. "मुलांनी यंत्र केलंय," अक्का म्हणाली. "सगळं त्यांनीच." सर खिडकीबाहेर बघत होते. मीही बघत होतो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, ऊस होता.

मंचावर आमचा रोबोट दोन हात सरळ गेला. पहिल्या वळणावर डावं चाक थांबलं आणि उजव्या चाकावर तो स्वतःभोवती फिरू लागला, बसायच्या आधी कुत्रं फिरतं तसा, मग बसलाच. परीक्षकांनी तो उलटा केला, पेन्सिलीच्या टोकाने मोटरच्या तारेला स्पर्श केला, ती उचलून हातात आली. "ड्राय जॉइंट," ते म्हणाले. "शिसं तारेला धरलंच नाही. हे सोल्डरिंग कोणी शिकवलं तुम्हाला?" रघूने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सरांना छताच्या पंख्यात काहीतरी सापडलं होतं... तिसऱ्या रांगेतून अक्का उभी राहिली. "मी शिकवलं, सर. माझंच कुठेतरी चुकलं असेल." परीक्षकांनी विचारलं, तुम्ही काय करता. तिने कारखान्याचं नाव सांगितलं, खाली बसायच्या आधी पदर नीट केला. परीक्षक हसून म्हणाले, "सरी, ठीक. म्हणजे कारखाना तोट्यात का आहे ते आज कळलं." सभागृह हसलं. आमचे सर हसले. मी हसलो.

परतीच्या गाडीत खोकं पुन्हा तिच्या मांडीवर. मंड्या स्टेशन गेल्यावर तिने सुतळी सोडली, झाकण उचललं, बराच वेळ आत पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सरांनी काही करायला सांगितलं होतं का रे?"

"कशाबद्दल?" मी म्हणालो.

"असंच." तिने सुतळी पुन्हा बांधली. दोन गाठी मारल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला पोरवयाचं म्हणून माफ केलं असतं. पण मी घरी येऊन ती गोष्ट सांगितली. आधी वडिलांना, मग गल्लीत, मग लग्नामुंजीत. गोष्टीत बोर्ड अक्काचा, जॉइंट अक्काचा, रोबोट कुत्र्यासारखा बसतो, अक्का उभी राहते आणि परीक्षकांचं ते वाक्य येतं, सगळ्यात शेवटी, थोडं थांबून. थांबायचं कुठे हे मला उपजत कळतं. लोक हसायचे आणि मी पुन्हा सांगायचो. चार महिन्यांनी अक्काने स्वेच्छानिवृत्ती घेतली. पडवीतल्या टेबलावर मिक्सर आला नाही. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "अक्का, तुमच्याकडे देऊ, पण तो म्हैसूरसारखा फिरत बसला तर?" चेष्टाच होती ती. शब्द माझे होते. अक्का हसली आणि म्हणाली, नजर कमी झालीय, आता जमत नाही. त्या टेबलावर पुढे वडिलांचे पेपर साठत गेले, मग सतीशच्या मुलीची दप्तरं.

माझ्या लग्नात मित्रांनी गोष्ट मागितली तेव्हा अक्का समोरच होती. मी कुठेतरी अडखळलो तर तिनेच आठवण करून दिली, "कारखान्याचं राहिलं की." नंतर मी विचारलं, "राग नाही ना येत?" ती म्हणाली, "लोक पोटभर हसतात. तुला दुसरं काय येतं, सांग." आणि माझ्या पानात आणखी एक होळगी, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढली. मी ती तुपाशी खाल्ली. चवीला फार छान होती, हेही मी पुढे गोष्टीत घातलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सतीशने बिस्किटांचा एक गोल डबा आणला. अक्काच्या कपाटात, साड्यांच्या खाली होता. "हे काय आहे ते तुलाच कळेल." आत कापसात गुंडाळलेला आमचा बोर्ड. माझे काळपट, ओबडधोबड गोळे जसेच्या तसे. पण डाव्या मोटरची तार जिथे सुटली होती तिथलं शिसं काढून, तांबं घासून, एक जॉइंट नवा दिलेला. चकाकी गेली होती, आकार गेला नव्हता. उतरती कड, मधून तारेचं टोक, शेजारच्या कशाला धक्का नाही. फुंकर मारली असेल, टिचकीही मारली असेल. बाकीच्या एक्केचाळिसांना तिने हात लावला नव्हता.

"रोबोट सांग ना," पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं. "अक्कांना आवडायचा." तेव्हा मी खरं सांगितलं. प्रयोगशाळा, सर, वितळवलेले जॉइंट, गाडीतली सुतळी, सगळं, क्रमाने. थांबायच्या जागा आपोआप आल्या, सवयीने. लोक ऐकत राहिले आणि शेवटी हसले, नेहमीसारखे. सतीश डोळे पुसत म्हणाला, "हा नवा शेवट चांगला जमलाय. वाटेल कुणाला खरंच घडलं."

डबा मी घरी आणला. बोर्ड उलटा धरून त्यावरून अंगठा फिरवतो कधीकधी. एक्केचाळीस ठिकाणी टोचतं. एके ठिकाणी काहीच लागत नाही, तिथे अंगठा थांबतो.