बत्तीस इंच, तिरके

मास्तर स्वभावानं महाखवचट. चाळीस वर्षं कोट शिवले, पण गिऱ्हाइकाशी धड बोलले असतील तर शपथ. "पोट आत घ्या, मला तुमच्या मापाचा कोट शिवायचाय, श्वासाचा नाही," हे त्यांचं सगळ्यात गोड वाक्य. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. दुकानात उरले दोघं, मास्तर आणि सूनबाई, आणि दोघांचं एक मिनिट पटत नव्हतं.

सूनबाई कपड्यांचे नमुने कॉम्प्युटरवर काढायची. तेही मास्तरांनी कसंबसं गिळलं असतं. पण संध्याकाळी शटर ओढलं की ती कानाला हेडफोन लावून नवऱ्याबरोबर गेम खेळायला बसायची. तो समुद्रावर, ही इथं, आणि दोघं मिळून धडाधड माणसं मारायची. "लोकांच्या सुना देवाचं नाव घेतात, आमची गोळ्या घालते," मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

आता तिला मोठा मॉनिटर हवा होता. दिवसा नमुने, संध्याकाळी गेम, दोन्हीला चालेल असा. ठेवायचा कुठं, तर मास्तरांच्या कटिंगच्या टेबलावर. तिथंच मास्तर अडून बसले, कारण त्या टेबलाशी कुणी शेजारी बसलेलं त्यांना परवडणार नव्हतं. मास्तरांना दिसेनासं झालं होतं. आकडे तर साफ गेले होते. त्यांनी आपल्या टेपवर दर तीन इंचांवर दोऱ्याची एकेक गाठ घेतली होती आणि अंगठ्यानं गाठी मोजत ते कापड कापत होते. कुणाला पत्ता नव्हता.

गेल्या महिन्यात घात झाला. एकच गाठ दोनदा मोजली गेली आणि वकीलसाहेबांच्या कोटाची बाही पंचवीसची बावीस झाली. मास्तरांनी खापर सरळ सुनेवर फोडलं. "माप हिनं लिहिलं होतं." वकिलानं चारचौघांत तिचा पाणउतारा केला, बायकांची अक्कल काढली, आणि तिनं हात जोडून दोनदा माफी मागितली. मास्तर तिथंच काजं करत बसले होते. मान वर केली नाही.

मॉनिटरच्या दुकानात ते हट्टानं बरोबर गेले, खरेदी हाणून पाडायला. दुकानदारानं आधी वाकलेला पडदा दाखवला. "गेमला झकास आहे, ताई. चित्र अंगावर येतं."

"आणि सरळ रेघ वाकडी दिसते, त्याचं काय? नमुना त्यावरून कापायचा की तुझं डोकं?" मास्तर कडाडले.

"बाबा बरोबर बोलतायत. सपाट दाखवा," सूनबाई कोरडेपणानं म्हणाली. "आणि काच चमकणारी नको, दुकानात ट्यूबलाइट आहे. गेममध्ये भराभर हलताना चित्र मधेच फाटल्यासारखं दिसायलाही नको."

दुकानदारानं दुसरा पुढं सरकवला. "मग हा घ्या. सपाट, बत्तीस इंची."

मास्तरांनी खिशातून टेप काढला, पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंगठा फिरवला. नऊ गाठी आणि वर बोटभर. "अठ्ठावीस! बत्तीस म्हणून विकतोस? लाज वाटत नाही?" दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मास्तरांना भलतंच बरं वाटलं.

दुकानदार खो खो हसला. "आजोबा, पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. तिरका! हा घ्या, माझ्याच टेपनं मोजा, म्हणजे संशय नको."

टेप पत्र्याचा होता. गुळगुळीत. मास्तरांचा अंगठा त्यावर पुढं गेला, मागं आला. सगळे बघत होते. "एकोणतीस," त्यांनी ठोकून दिलं.

सूनबाई वाकली. टेपवर साडेएकतीस होते, हाताएवढ्या ढळढळीत आकड्यांत. तिनं मास्तरांच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग दुसऱ्या हातातल्या गाठींच्या टेपाकडं. तिचा चेहरा असा झाला की दुकानदारानंही हसू आवरलं.

"हाच द्या," ती म्हणाली.

दुकानात आल्यावर तिनं टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी बाजूला लोटलं, मॉनिटर ठेवला, तारा जोडल्या. मापांची यादी उघडली आणि एक ओळ एवढी मोठी केली की पडदाभर तीच. "वाचा."

"मला काय शाळेत घातलंयस?"

"वाचा म्हणते ना!"

मास्तरांनी वाचलं. "बाही... पंचवीस." कित्येक महिन्यांनी अक्षर दिसलं होतं. आधी आनंदच झाला त्यांना, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पंचवीसच लिहिलं होतं. तुम्हाला वाचून दाखवताना चुकले असेन, असं वाटून महिनाभर मी स्वतःलाच वेडी समजत होते. त्या माणसापुढं हात जोडले मी! आणि तुम्ही बसून काजं करत होतात." आता पडद्यावर वकिलाचा नंबर होता, तेवढाच मोठा. "लावा फोन."

मास्तरांनी एकेक आकडा वाचत, बटणं चाचपत फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काय मास्तर, सुनेनं पुन्हा काही घोळ घातला वाटतं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "घोळ मी घातला होता. तिचं माप बरोबर होतं. मला... मला दिसत नाही, साहेब."

वकील म्हणाला, "अहो, मग माझा दुसरा कोट कोण कापणार?"

मास्तरांनी मागं पाहिलं. तिनं गेम सुरू केला होता, हेडफोन एकाच कानावर होता. "कोट कोण कापणार विचारतायत," ते म्हणाले.

"मी कापेन," ती मान न वळवता म्हणाली. "पण आधी इथं येऊन माझी माफी मागायची, म्हणावं. चारचौघांत."

मास्तरांनी शब्दन् शब्द सांगितला. पलीकडं वकील एवढा भडकला की दुकानभर ऐकू आलं, "मी? मी कशाची माफी मागू? खोटं तुम्ही बोललात! तुम्ही मागितली का?"

सूनबाईचे हात थांबले. पडद्यावर तिचा माणूस गोळी लागून पडला, तरी ती हलली नाही.

"जरा फोन धरा, साहेब," मास्तर म्हणाले. "आधी माझी राहिलीय."