दोर म्हणे चप्पल आण

तिसऱ्या टेकलाही गयाबाई त्याच जागी चुकल्या आणि माझं डोकं फिरलं.

टेक म्हणजे एकदा सलग केलेलं रेकॉर्डिंग. लातूरच्या एका छोट्या स्टुडिओत मी साउंड रेकॉर्डिस्ट होतो. अंगणवाडीतल्या लेकरांसाठी जुन्या गाण्यांच्या ऑडिओ फाइल करायचं काम एका संस्थेनं दिलं होतं. गयाबाई औशाजवळच्या एका गावात अंगणवाडीच्या मदतनीस. खिचडी शिजवायची, घरोघर फिरून लेकरं गोळा करायची आणि आईकडून आलेलं चिऊचं साखळीगाणं म्हणायचं. उन्हाळ्यात त्या रिटायर होणार होत्या. आपण घरी बसल्यावर लेकरांना गाणं तरी राहावं, एवढ्यासाठी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या.

साखळीगाण्यात दर फेरीला एक कडी वाढते आणि मागच्या सगळ्या पुन्हा म्हणायच्या असतात. चिऊला तहान लागते. आड म्हणे दोर आण. दोर म्हणे अंबाडी आण, कारण आमच्याकडं जुना दोर अंबाडीचाच. अंबाडी म्हणे विळा आण, विळा म्हणे लोहार आण, आणि लोहार म्हणे आधी भाकर आण.

तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथ्या फेरीत बाई म्हणाल्या, दोर म्हणे भाकर आण. आणि थांबल्या. काचेतून माझ्याकडं बघत राहिल्या. मी पलीकडून माइकवर सांगितलं की चुकलं, परत घेऊ. दुसऱ्या टेकला दोरानं बैल मागितला. तिसऱ्याला चप्पल. दर वेळी तसंच थांबणं, तसंच बघणं.

"मावशी, ध्यान कुठं हाय तुमचं?"

"हितं कुणीतरी सांगावं लागतंय साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, पुढचा शब्द आठवून द्या म्हणतायत. विसरणारं माणूस दर वेळी नवी चूक करत नसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. दुपारी लाइट जायची, त्याआधी उरकायचं होतं. मी बाहेर येऊन संस्थेच्या मॅडमना सांगितलं की बाईंना विसर पडतोय, वय झालंय. दार उघडंच होतं. बाईंनी ऐकलं असणार.

मॅडमनी कॉलेजात नाटकं करणारी एक मुलगी बोलावली. गयाबाईंकडून चाल समजून घेऊन तिनं एका टेकमध्ये गाणं दिलं. स्वच्छ आवाज, कुठं अडखळणं नाही. गयाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. छान म्हणली पोरगी, एवढं बोलून त्या स्टँडकडं निघाल्या. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. याची आजही लाज वाटते.

महिन्याभरानं फील्ड टेस्टिंग निघालं. म्हणजे फाइल खरोखरच्या लेकरांपुढं वाजवून बघायची. पहिली अंगणवाडी गयाबाईंचीच होती. स्पीकरवर गाणं लागलं. लेकरं गुपचूप बसली. चौथी फेरी सुरू झाली तशी सगळी एकदम पुढं सरकली, ओरडायच्या तयारीत. स्पीकरमधली मुलगी सुरेख म्हणाली, दोर म्हणे अंबाडी आण. लेकरं मागं सरकली. मग एकेक उठून खेळायला गेली.

एक चिमुरडी तेवढी माझ्याजवळ आली. "ही बाई चुकत का न्हाई?"

"कशाला चुकेल?"

"गयामावशी चुकती. मग आम्ही सांगतो."

ती चूक गाण्यातलीच होती. बाईंनी चुकायचं, लेकरांनी ओरडून साखळी जोडायची. माझ्या त्या बंद खोलीत ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून बाई वाट बघत होत्या. मी तसाच मागं स्वयंपाकाच्या खोलीत गेलो.

गयाबाईंची माफी मागितली. रेकॉर्डर सोबतच होता. म्हटलं, मावशी, आत्ताच म्हणा, लेकरांसमोर. त्या हात पुसत आल्या, बसल्या. लेकरांनी गराडा घातला. चौथ्या फेरीला सगळी पुढं सरकली.

"दोर म्हणे अंबाडी आण," गयाबाईंनी सरळ म्हटलं. मग शेवटपर्यंत कुठं थांबल्या नाहीत.

मी विचारलं, तुमची ती चूक कुठं गेली?

"आता न्हाई चुकत साहेब. महिना झाला, नातीपुढं बसून पाठ करायलेय. मला विसर पडतोय म्हणून वरपर्यंत गेलंय न्हवं."

मी परोपरीनं समजावलं. मुद्दाम चुका म्हटलं, हातापाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी एकदा प्रयत्न केला. दोर म्हणे, असं म्हणून थांबल्या, माझ्या हातातल्या रेकॉर्डरकडं बघितलं आणि अंबाडीच म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्या रिटायर झाल्या. बाईंची स्मरणशक्ती ठणठणीत आहे, चूक माझी होती, असं मी मॅडमना लिहून दिलं. पण फाइल तोवर सगळीकडं गेली होती, ती त्या मुलीच्याच आवाजातली.

स्टुडिओत नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगायचो, की टेक रिजेक्ट करायच्या आधी म्हणणाऱ्याला विचारा, का थांबलात. आणि रिजेक्ट टेक सांभाळून ठेवा. गयाबाईंचे तीनही टेक मी रेकॉर्डिंगच्याच दिवशी संध्याकाळी मेमरी कार्ड रिकामं करताना डिलीट केले होते. लेकरांनी ओरडावं म्हणून त्यांनी सोडलेली जागा फक्त त्या तीन टेकमध्ये होती. आता ती कुठंच नाही.