दोघं पोचले तर

लोक म्हणतात, जळलेल्या जगाच्या खेळाला गोड शेवट लावणं म्हणजे लेकरांची फसवणूक. म्हणोत बापडे. वाईट शेवट बघायला आम्हाला शिरूरात टीव्ही लावायची गरज नव्हती.

आमचं किराणा दुकान. बाजारात परदेशी मालाची नवी नवलाई आली होती, तेव्हा आमच्या यजमानांनी बीडहून व्हिडिओ गेम आणून दुकानाच्या ओसरीत मांडला. पोरं जमतील, गोळ्या-बिस्किटं खपतील, हा डाव. पोरांना एकच कॅसेट लागायची. शहर जळून गेलेलं, आभाळ तांबडं, नदीत राख, आणि दोन माणसं पाणी शोधत निघालेली. दोघांना दोन रिमोट. वाटेत एक उंच भिंत. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावरून वर चढायचं, मग थांबून खालच्याला दोर टाकायचा. पण थांबलं की कुत्री अंगावर यायची. म्हणून कुणी थांबायचंच नाही. खालचा मरायचा. वरचा एकटा पुढं जाऊन कोरड्या विहिरीच्या काठावर बसायचा, आणि पडदा काळा. पोरं म्हणायची, संपला गेम.

शेजारची एक पोरगी यायची, चौदा वर्षांची असेल. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही आजीपाशी. खालचा व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून दुसरा रिमोट हिच्या हातात.

"मर तू, तुझं कामच ते हाय," पोरं म्हणायची. आमचे यजमानही हसायचे.

ती रोज मरायची आणि रोज म्हणायची, "दोन रिमोट दिलेत, तर दोघांचा शेवटबी असंलच की."

त्या वर्षी तिचं लगीन ठरलं. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला मुकादम टोळीत घेत नाही. टोळी निघायच्या आत उरकायचं होतं. मी तिच्या आईला म्हटलं, "अगं, लेकरू हाय ते."

"मग तुमी येता का ऊस तोडायला?" आई म्हणाली.

हळदीच्या आदल्या दिवशी पोरगी दुपारची आली. "काकू, तुमी बसा माझ्यासंगं. एकडाव शेवट बघायचाय."

मला मेलीला बटणंसुद्धा कळेनात. तिनं मला वर चढवलं आणि ओरडली, "आता थांबा! कुत्री चावू द्या, दोर टाका!"

"अगं, मरते की मी!"

"न्हाई मरत. थोडं रगत जातंय."

थांबले. दोर टाकला. ती वर आली, तशी कुत्री पळाली. दोघी विहिरीपाशी गेलो, तर विहिरीत पाणी चढत आलं आणि काठाला हिरवं फुटलं.

"बघितलं का, काकू?" एवढंच बोलली.

यजमान गल्ल्यावरून म्हणाले, "भरा आता घागरी!"

खरंय, त्या पाण्यानं कुणाची तहान भागली नाही. पण कुणीतरी थांबतं, एवढं तिनं डोळ्यांनी बघितलं. तिच्या घरात तेवढंही कुणी दाखवलं नव्हतं.

उन्हाळ्यात टोळी परतली. पोरीचा डावा पंजा फडक्यात गुंडाळलेला, कोयता लागलेला. नवऱ्याला घेऊन दुकानात आली. तोही पोरगाच, नुकतं मिसरूड फुटलेला. तिनं त्याला वर चढवलं आणि आपण खाली राहिली.

"अवो, थांबा की. दोर टाका."

"कुत्री फाडतील की रं!" तो पोरांकडं बघून म्हणाला आणि सुटला. ती मेली. ओसरीभर हशा.

"बायकोला संगं घेऊन कोण पोचलंय?" आमचे यजमान.

नवरा कोरड्या विहिरीवर जाऊन बसला. पडदा काळा झाला. "बघ, असंच असतंय," तो तिला म्हणाला.

"न्हाई. दुसरा शेवट हाय. मी बघितलाय. काकूंना विचारा."

सगळे माझ्याकडं वळले.

"हाय," मी म्हणाले. "दोघं पोचले तर पाणी हाय."

त्यानं तिच्या डोक्यात टप्पल हाणली. पोरं पुन्हा हसली. तिनं पदर सावरला, फडक्यातल्या हातानं रिमोट मांडीवर दाबून धरला.

"परत लावा," ती त्याला म्हणाली. "आन् आता पळू नका."