घोंगडी पांघरलेला झेंडू

अगं, ये अशी जवळ बस. दारातूनच काय विचारतेस, "आजी, शाळेत आदर्श व्यक्तीवर बोलायचंय, एखादं मोठं नाव सांग"? मोठी नावं तुझ्या पुस्तकात आहेत की! आणि तुम्ही वाचणारेही सरका पुढं. तुमच्या आळीतही अशी एखादी असेल, बघा आठवतेय का.

इथं कवठ्यात आमच्या शेजारी एक मामी होती. काही बिघडलं की स्वतःचा कान स्वतःच धरायची आणि खदखदून हसायची, "चुकलं बया माझं! आता फुडं काय करायचं?" सुनेसमोरसुद्धा! सासूनं सुनेपुढं कान धरलेला तुम्ही कुठं पाहिलाय?

तिचं घर मूळचं मेंढरांचं. मेंढरं गेली, विहीर झाली, तेव्हा झेंडू लावायचं तिच्याच डोक्यातून निघालं. आम्ही शेजारणींनीही घरच्यांच्या मिनतवाऱ्या करून एकेक तुकडा मागून घेतला. आमच्या हातातलं पहिलंच पीक ते.

दसऱ्याच्या तोंडावर फुलांचा तोडा झाला. टेम्पो पहाटे निघायचा होता. मामी म्हणाली, "दव पडतंय, फुलं गारठतील. घोंगड्या टाका." कोकरांना जन्मभर तेच केलेलं! आम्ही फुलांची पोती चांगली गुंडाळून घेतली.

पुण्याच्या मार्केटात घोंगडी उचलली, तर आतून वाफ! पिवळाधमक झेंडू काळा पडलेला. अडत्या म्हणाला, "मावशी, फुलं आणलीत का शिजवून आणलीत?"

तशाच टेम्पोत बसून परत निघालो. घरी काय ऐकावं लागणार ते प्रत्येकीला माहीत होतं. आमचे हे तर अंगणातच उभे. "झाली हौस? उद्या झेंडू उपटायचा आन् मका टाकायचा."

मी तोंड उघडायच्या आत मामी टेम्पोतून उतरली. "भाऊ, घोंगडी मी सांगितली. बोलायचं ते मला बोला."

"तुम्हाला कसं बोलू, मामी? वडीलधाऱ्या तुम्ही."

"मंग हिला कशाला बोलता? हिनं वडीलधारीचंच ऐकलं न्हवं का?"

ह्यांना हसू फुटलं. मका दिवाळीपर्यंत लांबला. मामी अशी प्रत्येकीच्या दारात उतरली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परत मार्केटात. जिची फुलं टवटवीत दिसली तिच्याशेजारी फतकल मारून बसली. "बाई, मी फुलं शिजवून आणली व्हती. तू कशी आणतीस, दाव की." शिकूनच आली: सावलीत पसरायची, निवू द्यायची, जाळीच्या पिशवीत मोकळी भरायची.

दिवाळीला आमचा झेंडू मार्केटात आत्ताच तोडल्यासारखा टवटवीत उतरला. पुढच्या लागणीची रोपं ह्यांनी न सांगता आणली.

नंतर नव्या सुनांना शिकवताना मामी सुरुवात घोंगडीपासूनच करायची. पोरी हसायच्या, आणि मग आपलं बिघडलेलं न घाबरता सांगायच्या. न चुकणाऱ्या माणसाची मला तरी भीतीच वाटते बाई. त्याच्यापाशी आपलं काही सांगता येत नाही.

मामी आता नाही. तिच्या तुकड्यात तिची सून झेंडू लावते. परवा रोपं माना टाकायला लागली, तर बांधावरून मोठ्यानं ओरडली, "पाणी माझ्याकडूनच जास्त झालंय, कुणाला काय ठाऊक असलं तर या गं!" आम्ही हातातलं टाकून गेलो.

तू आज दौंडला घरी जाशील, शाळेत तुझं भाषण करशील. पण सुट्टी लागली की लगेच ये हो. तोडा जवळ आलाय, आणि तुला मामीच्या सुनेकडे न्यायचंय.